सरकी उगवलेला बंब

आमच्या शाळेच्या कार्यक्रमांचे पुष्कळ फोटो माझ्याकडे आहेत. निरोपसमारंभ, स्नेहसंमेलनं, झेंडावंदन. त्यांतल्या एकाही फोटोत गिराम मामा पूर्ण आलेले नाहीत. एका फोटोत पाठ आहे, एकात कोपर, एकात नुसती चप्पल. एकदा मोठ्या सरांनी हट्टानं त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. त्या फोटोत खुर्ची तेवढी स्वच्छ दिसते.

किशन गिराम झरीच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. शाळेत शिपाई असो की परिचर, तो सगळ्यांचा मामा, म्हणून तेही मामा. मी तिथं मराठी शिकवायचे आणि त्यांच्याच घरासमोर सासूबाईंबरोबर भाड्यानं राहायचे. नवरा नोकरीला नांदेडला. म्हणजे दिवसभर शाळेत आणि उरलेला वेळ गल्लीत, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून सोळा वर्षं नुसता ये-जा करत राहिला. मी स्वभावानं बसणारी बाई. शाळा सुटली की चहा घेऊन ओसरीवर टेकावं, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवावीत, यापलीकडे मला फार काही नको असतं. मला मामांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

चहा दिला तर ते तो उभ्यानं बशीत ओतायचे आणि पीत पीत चालू लागायचे. आमच्या किती बशा त्यांच्या घरी गेल्या त्याचा पत्ता नाही. बोलताना वाक्य अर्धं आमच्या दारात आणि उरलेलं त्यांच्या दारात. शर्टाच्या खिशात टेस्टर कायम. बसा म्हटलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "बसलं की गंजलं." शाळेची विजेची घंटा दुरुस्त केली तेव्हापासून ती तीन मिनिटं आधी वाजायला लागली. घड्याळ बरोबर होतं, घंटा बरोबर होती, मधे मामा होते. तास संपायची वाट बघणं त्यांना जमत नसे. मी कवितेच्या शेवटच्या कडव्यावर आले की घंटा व्हायची, आणि पोरं माझ्याकडे न बघता दप्तरं आवरायची.

आंघोळसुद्धा तशीच. हापशावर दोन तांबे गार पाणी, झाली आंघोळ. पाणी तापायची वाट कोण बघणार?

पण गयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गार पाणी चालायचं नाही. त्यांना दमा होता. गार पाण्यानं छाती भरायची आणि धुरानं तर श्वासच अडकायचा. झरीत स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी घरोघरी. सिलिंडर आंघोळीला पुरत नाही, आणि पऱ्हाट्या तर प्रत्येकाच्या परसात रचलेल्या. कापूस वेचून झाला की उपटलेली कपाशीची ही वाळकी झाडं झटकन पेटतात, पण थंडीत दवानं भिजलेली असली की पेटायच्या आधी असा धूर ओकतात की धडधाकट माणसाचे डोळे चुरचुरावेत. परभणीच्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की धूर बंद करा, नाहीतर एखाद्या हिवाळ्यात ही बाई हातची जाईल. तेव्हापासून मामांच्या पायाला भिंगरी होती ती चाक झाली.

त्यांनी आधी बादलीत सोडायचा विजेचा रॉड आणला. दुसऱ्याच आठवड्यात गयाबाईंनी बटण बंद न करता पाणी तापलं का म्हणून बोट घातलं आणि न्हाणीच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. मामांनी रॉड दगडानं ठेचून उकिरड्यावर टाकला. मग कुणाचा तरी जुना गिझर लावून पाहिला, तर तो लावला की अख्ख्या गल्लीचे दिवे मिणमिणायचे आणि डीपीवरचा फ्यूज जायचा. सोलर बसवावा तर घर पत्र्याचं, पाण्याची टाकी पेलणार नाही. असे दोन हिवाळे गेले. गयाबाई पाटावर बसून, उशी छातीशी धरून, पुढं झुकून श्वास घ्यायच्या. तो आवाज गल्ली ओलांडून आमच्या ओसरीपर्यंत यायचा.

त्याच सुमारास शाळेतला पिण्याचं पाणी थंड करायचा कूलर भंगारात निघाला. मामांनी तो रीतसर अर्ज करून मागून घेतला. पोरांना थंड पाणी पाजणारं यंत्र घरी नेऊन हा माणूस करणार काय, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं. मी संध्याकाळी विचारलंच. त्या दिवशी ते माझ्यासमोर सलग पाच मिनिटं उभे राहिले, एवढं आठवतं.

"मॅडम, फ्रिजच्या मागं कधी हात लावून बगितला का तुमी?"

लावला होता. गरम लागतो.

"मंग? लोकायला वाटतं फ्रिज थंडी करतो. थंडी करत न्हाई त्यो. आतली ऊब उचलतो अन् मागं फेकतो. मी त्येला म्हणायलोय, मागं फेकू नको बाबा, टाकीत फेक. अन् ऊब फ्रिजातून कामून उचलायची? बाहीर हवेत कमी हाय का? परभणीची हवा हाय ही."

मग रस्त्यानं चालता चालता उरलेलं सांगत गेले, ते मला ऐकू आलं नाही. पण मुद्दा समजला होता. विजेनं पाणी तापवायचं नाही. विजेनं नुसता पंप चालवायचा, आणि पंपानं हवेतली ऊब गोळा करून पाण्यात सोडायची. गिझरच्या मानानं वीज थोडी, म्हणजे गल्लीचे दिवे जाणार नाहीत आणि फ्यूजही राहील. मराठी शिकवणाऱ्या बाईला कळलं, म्हणजे सांगणारा शिक्षक व्हायला हवा होता, असं माझ्या मनात आलं. ते मी त्यांना कधी बोलले नाही, याचं आता वाईट वाटतं.

महिनाभर त्यांच्या अंगणात भंगाराचा बाजार भरला. कूलरचा कॉम्प्रेसर आणि स्टीलची टाकी घेतली. कुणाच्या तरी मोडक्या एसीतली जाळी आणली, तिच्यामागं डेझर्ट कूलरचा पंखा लावला. तांब्याची नळी टाकीभोवती अशी घट्ट गुंडाळली जशी पोरं भोवऱ्याला दोरी गुंडाळतात. गॅस मात्र स्वतःला भरता येत नव्हता. त्यासाठी मानवतहून फ्रिज दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला. त्यानं सगळं फिरून पाहिलं आणि मामांना म्हणाला की हे उलटं जोडलंय. मामा म्हणाले, उलटंच पायजे.

यंत्र चालू झालं. पाणी खरोखर तापलं. गल्लीनं त्याला लगेच बंब म्हणायला सुरुवात केली. माझ्या सासूबाई बंब बघायला गेल्या, जाळीतून येणारी गार हवा तोंडावर घेतली आणि परत येऊन निकाल दिला की थंडी करणाऱ्या यंत्राचं पाणी, कितीही गरम लागलं तरी अंगात थंडीच भरणार.

पहिली पंचाईत डिसेंबरात झाली. मामा बंब पहाटे चालू करायचे, आंघोळीच्या वेळेला ताजं पाणी म्हणून. परभणीकडची पहाट डिसेंबरात कशी असते ते इथं राहिलेल्यांना सांगायला नको. जाळीवर दव बसायचं, दवाचा बर्फ व्हायचा आणि बंब नुसता घुरघुरत राहायचा. मामा बर्फ खरवडायचे, पंखा बदलायचे, पुन्हा खरवडायचे. शेवटी उपाय गयाबाईंनी सांगितला. हवेत ऊब दुपारी असते तर दुपारीच गोळा करा की, पहाटे कशाला उकरताय, असं त्या दळण निवडता निवडता म्हणाल्या. इतकी साधी गोष्ट मामांच्या डोक्यात आली नव्हती, कारण दुपारी तापवलेलं पाणी सकाळपर्यंत राखून ठेवायचं म्हणजे थांबणं आलं.

आता टाकीला गोधडी हवी होती. थर्माकोल आणायला परभणीला जायचं, तर दुसरा दिवस उजाडेल. आणि घरात फरदडीचा कापूस पडलेला होता, शेवटच्या वेचणीचा, डागाळलेला, कुणी विकत घेत नाही असा. मामांनी टाकीबाहेर पत्र्याचा दुसरा डगला चढवला आणि मधल्या पोकळीत तो कापूस ठासून भरला. सरकी काढून घ्या, असं गयाबाईंनी दोनदा सांगितलं. मी तिथंच होते. मामा म्हणाले, "सरकीनं काय फरक पडतोय? थांबतंय कोण तेवढं?" आणि पत्रा ठोकून मोकळे झाले.

कापसानं काम मात्र चोख केलं. दुपारी दोनला तापवलेलं पाणी सकाळी सातला हात भाजेल इतकं गरम. पण पंधरा दिवसांनी टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं. रोज एखादा तांब्या. मामांनी तोटी बदलली, नळ्या पुन्हा जोडल्या, टाकीखाली कोरडा कागद घालून बसले, म्हणजे उभे राहिले. कुठं गळतंय ते काही दिसेना. पाणी सगळं कापूस पीत होता. संपूर्ण डगला उकलायचा म्हणजे सगळं यंत्र मोडायचं, आणि बंब बंद म्हणजे पुन्हा चूल. त्या दिवसांत मामा शाळेतही बेजार असायचे. परीक्षानळ्या धुता धुता मधेच उठून खिडकीशी जायचे.

एका सकाळी गयाबाईंनी मला हाक मारली. गेले तर त्या बंबाकडे बोट दाखवून हसत होत्या, आणि हसता हसता धापही लागत होती. पत्र्याच्या जोडातून, वरच्या तोटीच्या खाली, हिरवीगार पानं बाहेर आली होती. दोन-दोन गोल पानांची रोपं, ओळीनं सात-आठ. ऊब होती, ओल होती, सरकी होती. कपाशीला आणखी काय लागतं? पावसात भिजलेल्या बोंडात सरकी उगवते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गिराम मामांनी आपल्या हातानं ऐन हिवाळ्यात टाकीभोवती पेरणी केली होती.

मामा आले, बघितलं. मग खाली वाकून रोपं जिथं सगळ्यांत दाट होती तिथं बोट ठेवलं. गळती तिथंच होती. तोटीच्या झाळणाला, म्हणजे डाक दिलेल्या जोडाला, केसाएवढी चीर. महिनाभर ते शोधत होते ते रोपांनी दाखवलं होतं.

"आता उलीसं खत टाका," गयाबाई म्हणाल्या.

मामा हसले. मी त्यांना पोटभर हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. त्या रविवारी मामांनी ती चीर झाळली, दोघांनी मिळून सगळा कापूस बाहेर काढून वाळवला, आणि गयाबाईंनी एकेक सरकी हातानं वेगळी केली. मामा तिथं टिकू शकले नाहीत, ते दर दहा मिनिटांनी येऊन किती झालं म्हणून विचारत होते.

एवढं होऊनही गयाबाईंची धाप थांबेना. घरात धूर नव्हता, पाणी गरम होतं, तरी सकाळी सहा वाजले की छाती वाजायला लागायची. मामांना आधी वाटलं की बंबातला गॅस फुटतोय. त्यांनी मानवतच्या मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. गॅस जागच्या जागी होता. मग एका सकाळी ते गल्लीत हवेचा वास घेत हिंडताना मला दिसले. फिरत फिरत आमच्या दाराशी आले. मी चुलीपुढं बसले होते, पऱ्हाट्या ओल्या, धूर दाटलेला. मामांनी चुलीकडे बघितलं, धूर कुठं जातो तिकडं बघितलं. तो सरळ गल्ली ओलांडून त्यांच्या खिडकीत जात होता.

काय बघताय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. काही न्हाई, म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात गरम पाण्याची बादली, वर ताट झाकलेलं. सासूबाईंनी ते पाणी भांडी घासायला वापरलं आणि मला चूल पेटवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बादली. चौथ्या दिवशी पुन्हा. मामांनी म्हटलं असतं की मॅडम, तुमच्या धुरानं माझी बायको मरायलीय, तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. ते नुसती बादली ठेवून पळायचे. मी चूल पेटवत राहिले. सासूबाईंपुढं बोलायचं धाडस नव्हतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हे. रोजची सवय मोडायचा मला कंटाळा होता.

दहाव्या की अकराव्या दिवशी गयाबाईंना मोठा झटका आला. ओठ निळे पडले. मामांनी त्यांना जीपमध्ये घालून परभणीला नेलं. जीप वळली तेव्हा आमची चूल चालूच होती आणि तिचा धूर जीपच्या मागं मागं गेला. मी घरात येऊन चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. सासूबाई बघत होत्या. म्हटलं, आजपासून या घरात चूल पेटणार नाही, तुम्हाला बंबाचं पाणी चालत नसेल तर मीही आंघोळ करणार नाही. माझी मलाच लाज वाटत होती, म्हणून आवाज जास्त चढला. गयाबाई चार दिवसांनी परत आल्या त्या दिवशी सासूबाईंनी बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला थंडी भरते का याची वाट बघितली.

मग मामांनी दुसरी टाकी जोडली आणि गल्लीतली पाचही घरं बंबावर आली. रोज दुपारी शाळेतून धावत येऊन बंब चालू करायचा, रोज सकाळी पाच दारांत पाच बादल्या ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर तर त्यांना हाच उद्योग झाला. सासूबाईंची बादली ते सगळ्यांत आधी ठेवायचे. त्या म्हणायच्या, आज उलीसं कमी तापलंय. आणि मामा उद्या बघतो म्हणत पुढच्या दारात पोचलेले असायचे. गयाबाईंचे पुढचे तीन हिवाळे परभणीच्या दवाखान्याशिवाय गेले. मामा स्वतः अजूनही हापशावर दोन तांब्यांत मोकळे व्हायचे. बंबाच्या पाण्यानं एकदा तरी न्हाऊन बघा, म्हणून गयाबाई मागं लागायच्या. बादली भरेपर्यंत उभं कोण राहणार, असं ते म्हणायचे.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका पहाटे, मामा बादल्या विसळायला उठले आणि दारातल्या पायरीवर बसले. गयाबाईंनी मला नंतर सांगितलं की ते बसले म्हणूनच त्या घाबरल्या. त्यांनी हाक मारली आणि आम्ही धावत गेलो तोवर सगळं संपलं होतं.

सकाळी दहापर्यंत माणसं जमली. लेक जालन्याहून आली. ताडकळसहून गयाबाईंचे थोरले भाऊ आले आणि त्यांनी पुढचं हातात घेतलं. प्रेताच्या आंघोळीचं पाणी दाराबाहेर तीन दगडांच्या चुलीवर तापवायचं, ही रीत. त्यांनी दगड मांडले, पऱ्हाट्यांचा भारा मागवला. कुणीतरी काडीपेटी पुढं केली. गयाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, लेकीच्या खांद्याला धरून, आणि त्यांच्या छातीचा आवाज मला इतक्या लांबून येत होता. मी पुढं होणार तेवढ्यात माझ्या सासूबाई काठी टेकत गेल्या आणि काठीनंच मधला दगड बाजूला सारला.

"या दारात धूर करायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पाणी तापलेलं हाय."

भाऊ म्हणाले की रीत आहे, आजी. सासूबाई म्हणाल्या की रीत मला शिकवू नका, माझी हयात चुलीपुढं गेली.

पाणी खरंच तापलेलं होतं. आदल्या दुपारी मामांनी बंब चालवला होता, आमच्या सगळ्यांच्या सकाळच्या आंघोळीसाठी. गल्लीत त्या दिवशी कुणीच न्हालं नव्हतं, म्हणून दोन्ही टाक्या काठोकाठ. मी तोटीखाली बादली लावली. पाण्यातून वाफ येत होती. बादली भरेपर्यंत मी तिथं उभी राहिले, आणि ती भरायला किती थोडा वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं.

मामांना पाटावर बसवलं होतं, दोघांनी खांद्याला धरून. भावांनी बादलीत हात घातला, लगेच काढला, आणि विसण घालायला गार पाण्याची कळशी उचलली. गयाबाई उंबऱ्यावरून उठल्या. श्वास लागत होता तरी त्यांनी कळशी धरली.

"विसण घालू नका," त्या म्हणाल्या. "आज तरी गरम पाण्यानं न्हाऊ द्या त्यायला."

आणि पहिला तांब्या त्यांनी स्वतः घातला, हळूहळू.